सरांची किटली आणि मोरांदीच्या बाटल्या

स्मरणिकेसाठी माझ्याकडून खरं तर लेख मागितला नव्हता, चित्र मागितलं होतं. गेल्या दिवाळीनंतर आपण सगळे शाळेत जमलो तेव्हा चित्रकलेच्या वर्गाचा संगणक कक्ष झालेला पाहिला (मी बोलायला नको, माझं पोट त्यावरच चालतं) आणि मागच्या जिन्याखालच्या खोलीत सरांचं ते लाकडी कपाट सापडलं. आतलं सामान जवळजवळ जसंच्या तसं होतं. ॲल्युमिनियमची किटली, चिनी मातीची बरणी, काच नसलेला कंदील, औषधाची हिरवी बाटली, कान तुटलेला कप. पितळी तांब्या तेवढा नव्हता, तो कोणाच्या घरी गेला असेल ते ज्याचं त्याला माहीत. मला इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, एवढ्या भांडवलावर समितीने ठरवून टाकलं की या वस्तूंचं चित्र मी काढायचं. पिशवीत भरून घरी आणल्या, जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि सलग चार रविवार घालवले. झालं ते चित्र मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापलं आहे. त्याबद्दल समितीही फार बोलत नाही आणि मीही नाही.

पण त्या चार रविवारी एक माणूस सारखा डोक्यात होता. त्याच्याबद्दल लिहू का, असं विचारलं, समिती हो म्हणाली. मला वाटतं, त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

जॉर्जो मोरांदी हा इटलीतला चित्रकार. गेलेल्याला आता साठ वर्षं होऊन गेली. विसाव्या शतकातल्या मोठ्या चित्रकारांच्या यादीत त्याचं नाव असतं, पण त्याने काढलं काय, तर बाटल्या, डबे, वाडगे, किटल्या. काही निसर्गदृश्यं, थोडी फुलं, तीही बरेचदा कापडाची किंवा सुकलेली. साधारण १३५० तैलचित्रं आणि १३० च्या आसपास एचिंग त्याच्या नावावर आहेत, आणि त्यांतल्या फार मोठ्या भागाचं शीर्षक एकच: नातूरा मोर्ता. स्थिरचित्राला इटालियनमध्ये हा शब्द आहे, अक्षरशः अर्थ मृत निसर्ग. आपला स्थिरचित्र हा शब्द मला जास्त बरा वाटतो. त्याच्या चित्रांत मेलेलं काहीच नाही.

त्याची माझी ओळख उशिरा झाली. बोलोन्या शहराच्या आसपास पॅकेजिंगची यंत्रं बनवणारे पुष्कळ कारखाने आहेत. त्यांतल्या एकाच्या कामासाठी कंपनीने मला काही आठवडे तिकडे पाठवलं होतं. एका सुटीच्या दिवशी कुठे जायचं म्हणून शोधताना कळलं की शहरात एका चित्रकाराचं घर पाहता येतं. ३६, व्हिया फोंदाझ्झा. बोलोन्याचे रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना कमानींचे लांबच लांब ओटे, पावसात छत्रीशिवाय शहर पालथं घालता येतं. भिंतींचे रंग गेरू, पिवळी माती, फिका गुलाबी, धुळकट तपकिरी. तेव्हा मला हे नुसतं छान वाटलं होतं. नंतर चित्रं पाहिली तेव्हा कळलं की हेच रंग त्याच्या पॅलेटवर होते.

जन्म याच शहरातला, २० जुलै १८९०. घरात सगळ्यांत थोरला. वडील आंद्रेया व्यापारी कचेरीत होते. मुलाने तिथेच बसावं अशी त्यांची इच्छा, त्याला काही दिवस बसवूनही पाहिलं. मुलाचं लक्ष हिशेबात नव्हतं. १९०७ मध्ये त्याला शहरातल्या कला अकादमीत जाऊ दिलं. धाकटा भाऊ ज्युझेप्पे आधीच, १९०३ मध्ये, गेला होता. १९०९ मध्ये वडीलही गेले. मोरांदी तेव्हा एकोणीस वर्षांचा, मागे आई मारिया आणि तीन बहिणी. अन्ना चौदा-पंधरा वर्षांची, दिना नऊ-दहाची, मारिया तेरेझा जेमतेम तीन. पुढच्या वर्षी हे कुटुंब व्हिया फोंदाझ्झावर राहायला आलं. मोरांदी मरेपर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षं, त्याच घरी राहिला. त्याने लग्न केलं नाही. तिन्ही बहिणींनीही केलं नाही.

अकादमीत सुरुवातीला तो गुणी विद्यार्थी होता, शेवटच्या वर्षांत शिक्षकांशी बिनसलं. कारण सेझान. फ्रान्समध्ये सेझानने सफरचंदं आणि टेबलं मांडून चित्रकलेची सगळी घडी बदलली होती, पण बोलोन्यातल्या पोराला ती चित्रं पाहायला कुठून मिळणार? त्याला मिळाली ती पुस्तकातली काळी-पांढरी छपाई. रंगासाठी नावाजलेल्या चित्रकाराला रंगाशिवाय शिकायचं, ही गंमत मला फार ओळखीची वाटते. आपल्या पुस्तकातली मोनालिसा आठवा, शाईचा डाग नुसता. पण रंग नसल्यामुळे त्याला सेझानचा सांगाडा दिसला असावा, कुठला आकार कशावर टेकला आहे, कुठली कड कुठे थांबते, हे. पुढे फ्लॉरेन्सला जाऊन त्याने जोत्तो, मासाच्चो, उचेल्लो ही जुनी मंडळी पाहिली. एचिंग तो जवळजवळ स्वतःच शिकला, रेम्ब्रांट समोर ठेवून. पॅरिसला मात्र तो आयुष्यात कधी गेला नाही. त्या काळातल्या युरोपातल्या चित्रकारासाठी हे म्हणजे वारकऱ्याने पंढरपूर न पाहण्यासारखं आहे.

१९१४ साल त्याच्या आयुष्यात मजेशीर आहे. त्या वर्षी भविष्यवाद्यांबरोबर त्याची चित्रं लागली. यंत्र, वेग, मोटारगाडी यांचा जयजयकार करणारी, संग्रहालयं जाळा म्हणणारी ही मंडळी, आणि त्यांच्यात हा उंच, अबोल तरुण. त्याच वर्षी त्याला नोकरी लागली: शहराच्या प्राथमिक शाळांमध्ये चित्रकलेचा शिक्षक.

इथे मी वाचता वाचता थांबले होते. मोठा चित्रकार म्हणजे पॅरिस, दारू, भांडणं, कर्ज असं काहीतरी डोक्यात असतं. हा तर चित्रकलेचे मास्तर निघाला. १९१४ पासून १९२९ पर्यंत त्याने लहान मुलांना चित्रकला शिकवली. १९३० मध्ये ज्या अकादमीत शिक्षकांशी पटलं नव्हतं तिथेच एचिंगचा प्राध्यापक झाला आणि १९५६ पर्यंत राहिला. मधला अगदी थोडा काळ सोडला तर बेचाळीस वर्षं मास्तरकी. चित्रं काढायची ती त्यातून उरलेल्या वेळात, घरी, झोपायच्या खोलीत.

महायुद्धात त्यालाही बोलावणं आलं होतं, १९१५ मध्ये. उंचीमुळे ग्रेनेडियरांच्या तुकडीत घातलं, पण तो इतका आजारी पडला की त्याला परत घरी पाठवलं. त्या सुमाराची पुष्कळ चित्रं त्याने स्वतःच नष्ट केली. त्यानंतर दोन-तीन वर्षं तो दे किरिको आणि कार्रा यांच्या वाटेने चालला. स्वप्नातल्यासारख्या पेट्या, शिंप्याकडच्या पुतळ्याचं डोकं, धारदार सावल्या. ही चित्रं सुरेख आहेत, अगदी घासून पुसून ठेवल्यासारखी. पण १९२० च्या आसपास त्याने तो रस्ता सोडला आणि बाटली पुन्हा नुसती बाटली झाली. यापुढची चव्वेचाळीस वर्षं एका वाक्यात सांगता येतात, आणि त्यांतच सगळं आहे.

त्या खोलीचं सांगते. खोली लहान आहे. एक अरुंद पलंग, चित्राची घोडी, वेगवेगळ्या उंचीची टेबलं आणि अंगणाकडे उघडणारी खिडकी. फळ्यांवर, जमिनीवर, कोपऱ्यात वस्तू. यातली कुठलीच वस्तू किमती नाही. जुन्या बाजारातून आणलेल्या, घरातल्याच, मोडीत निघालेल्या. लांब मानेच्या बाटल्या, तेलाचे दिवे, माल्टच्या पेयाचे रिकामे डबे, शिंपले, फुलदाण्या. पत्र्याच्या नळकांड्यावर उलटं नरसाळं बसवलेली एक विचित्र वस्तू आहे, ती चित्रांत पुन्हा पुन्हा येते. अशी वस्तू बाजारात मिळत नाही, त्याला आकार हवा होता म्हणून ती झाली.

आणि वस्तू जशा आल्या तशा त्याने ठेवल्या नाहीत. काचेच्या बाटलीत तो रंग ओतायचा, आतून फिरवायचा, म्हणजे काच पारदर्शक राहत नाही आणि चमकही मरते. डब्यांवरची लेबलं रंगाने झाकायचा. वर धूळ बसू द्यायची, ती पुसायची नाही. वर्षानुवर्षांची धूळ म्हणजे त्याचं शेवटचं वॉर्निश होतं. खिडकीवर पातळ कापड लावून उजेड मऊ करायचा. मग मांडणी सुरू. कुठली बाटली कुठल्या डब्याशेजारी, मागचा कागद कुठला, टेबलाची कड कुठे. हे ठरायला दिवस, कधी आठवडे जात. आणि एकदा ठरलं की रंगवण्याचं काम त्या मानाने झटपट होई. ओल्या रंगात ओला रंग, ब्रश किंचित थरथरल्यासारखा. कॅनव्हासही लहान, साधारण फूट-सव्वा फूट.

टेबलावर त्याने कागद पसरलेले असत, आणि वस्तू जिथे ठेवली तिथे तिच्या बुडाभोवती पेन्सिलने रेघ मारलेली. पुढच्या मांडणीत त्यावर दुसरी रेघ, मग तिसरी. २०१५ मध्ये जोएल मायरोविट्झ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने त्या खोलीतल्या २५० हून अधिक वस्तू एकेक करून मोरांदीच्याच टेबलावर ठेवल्या आणि त्यांचे फोटो काढले. त्या फोटोंत या रेघा दिसतात. वर्तुळात वर्तुळ, चौकोनावर वर्तुळ, एखाद्या वस्तूचं नाव, खुणा. चुका शोधण्यात आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारखीला हे पाहून भरून आलं, हे कबूल करते. आमच्या धंद्यात नियम असतो, एका वेळी एकच गोष्ट बदला, काय बदललं त्याची नोंद ठेवा, मगच परिणाम कशामुळे झाला ते कळतं. हा माणूस किटली अर्धा सेंटिमीटर सरकवायचा आणि पुन्हा पाहायचा. नोंद टेबलावरच.

अर्ध्या सेंटिमीटरने काय होतं, हे त्याची चित्रं शेजारी शेजारी पाहिली की कळतं. एका चित्रात दोन बाटल्यांमध्ये बोटभर फट आहे, तिथून मागची भिंत दिसते आणि बाटल्या सुट्या, मोकळ्या वाटतात. दुसऱ्यात त्याच बाटल्यांच्या कडा चिकटल्या आहेत, आता पुढची कुठली आणि मागची कुठली सांगता येत नाही. तिसऱ्यात डब्याची वरची कड आणि टेबलाची मागची कड एका रेषेत आली आहे, आणि टेबल संपून भिंत कुठे सुरू झाली तेच हरवतं. चित्रकलेत कडा अशा जुळू देऊ नयेत असं शिकवतात. आपल्यालाही शिकवलं होतं. तो मुद्दाम जुळवायचा. शेवटच्या वर्षांतल्या जलरंगांत तर तो वस्तू रंगवतच नाही, आजूबाजूची सावली रंगवतो आणि वस्तूच्या जागी कोरा कागद सोडतो. आणि तरी बाटली दिसते.

सर काय सांगायचे आठवतंय? भांडं काढू नका, दोन भांड्यांच्या मधली जागा काढा. आपण त्यावर किती हसलो होतो. जागा कशी काढायची, तिथे तर काहीच नाही!

(मोरांदीला मी तो म्हणते आहे आणि सरांना ते. एवढ्या मोठ्या चित्रकाराला एकेरी आणि आपल्या मास्तरांना मान, हे उलटं वाटेल, पण सरांना तो म्हणणं या जन्मी जमणार नाही.)

आता जे लिहायचं आहे ते स्मरणिकेत शोभतं की नाही ठाऊक नाही. मोरांदीबद्दल एक कथा रुळली आहे: साधूसारखा माणूस, जगापासून दूर, खोलीत बाटल्या मांडत बसलेला, राजकारणाचा स्पर्श नाही, पैशाचा मोह नाही. मीही पहिल्यांदा तीच वाचली आणि भाबडेपणाने चार जणांना सांगितली. पुढे वाचलं तसं कळलं की ती अर्धीच खरी आहे.

मुसोलिनीची सत्ता आली तेव्हा मोरांदी बत्तीस वर्षांचा होता. इटलीच्या गावाकडच्या साध्या जगण्याचे गोडवे गाणारा एक गट होता, मिनो मक्कारी आणि लिओ लोंगानेझी त्याचे पुढारी, आणि गट फॅसिस्ट राजवटीच्या बाजूचा. या लोकांनी मोरांदीला उचलून धरलं, त्यांच्या नियतकालिकांत त्याची एचिंगं छापून येत. १९२८ मध्ये त्याने एका फॅसिस्ट पत्रात स्वतःबद्दल जे छोटं टिपण लिहिलं त्यात या चळवळीवरचा आपला विश्वास नोंदवला आहे. १९३० ची अकादमीतली जागा त्याला स्पर्धापरीक्षेशिवाय, नावलौकिकावर मिळाली. लौकिक खरा होता, पण ओळखीही होत्या. १९३९ मध्ये रोमच्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात त्याला स्वतंत्र दालन आणि दुसरं पारितोषिक मिळालं. पुढे त्याच्या मित्रांत फॅसिझमविरोधी माणसं वाढली, आणि १९४३ मध्ये त्यांच्याशी संबंध म्हणून त्याला अटक झाली. आठवडाभर तुरुंगात काढल्यावर मित्रांनी खटपट करून सोडवलं. हुतात्मा म्हणावं असं यात काही नाही, आणि खलनायक म्हणावं असंही नाही. नोकरी सांभाळणारा, घर सांभाळणारा, बहुतेक वेळा गप्प बसणारा माणूस. मला हे वाचून थोडं वाईट वाटलं आणि मग वाईट का वाटलं याचं आश्चर्य वाटलं.

त्या अटकेनंतर तो कुटुंबाला घेऊन ग्रिझ्झानाला गेला. बोलोन्याच्या दक्षिणेला डोंगरातलं हे खेडं, तिथे ही मंडळी उन्हाळ्यात जात. सुरक्षित म्हणून गेले, पण १९४४ मध्ये लढाईची आघाडी तिथेच सरकत आली. मोरांदी बोलोन्याला परतला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी त्याच डोंगरांत, मार्झाबोत्तोच्या परिसरात, जर्मन सैन्याने शेकडो गावकऱ्यांना ठार मारलं, त्यांत बायका आणि लहान मुलंही होती. ज्या टेकड्या त्याने वर्षानुवर्षं रंगवल्या त्याच या टेकड्या. १९४३ सालची ग्रिझ्झानाची त्याची निसर्गदृश्यं पाहिली तर त्यांत माणूस नाही, घरांना धड खिडक्या नाहीत, पांढरा धुळकट रस्ता वर जातो आणि वळणावर संपतो. ती युद्धाची चित्रं आहेत की नाहीत यावर जाणकार वाद घालतात. मला ती चित्रं फार वेळ पाहवत नाहीत, एवढंच सांगू शकते.

युद्धानंतर कीर्ती आली. १९४८ च्या व्हेनिस बिएनालेत इटालियन चित्रकाराचं पहिलं पारितोषिक, १९५७ मध्ये ब्राझीलला साओ पाउलोच्या बिएनालेत चित्रकलेचं सर्वोच्च पारितोषिक. १९५६ मध्ये, म्हणजे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, तो पहिल्यांदा देशाबाहेर पडला, तोही शेजारी स्वित्झर्लंडपर्यंत. १९६० मध्ये फेलिनीच्या ला दोल्चे व्हिता या चित्रपटात एका श्रीमंत, सुसंस्कृत, आतून पोखरलेल्या माणसाच्या दिवाणखान्यात मोरांदीचं चित्र लावलेलं दिसतं. म्हणजे तोवर त्याचं चित्र घरात असणं ही उच्च अभिरुचीची खूण झाली होती. स्वतः मात्र तो चित्रं स्वस्तात द्यायचा, आणि सगळ्यांना नाही, त्याला आवडलेल्या माणसांना. लोक वर्षानुवर्षं थांबत. तीच चित्रं पुढे बाजारात कितीतरी पट किमतीला विकली जात, हे त्याला माहीत होतं. हा निर्मोहीपणा की आपलं चित्र कोणाकडे जावं यावरची घट्ट पकड? मला दुसरं जास्त पटतं.

कारण तीच पकड फ्रांचेस्को आर्कांजेली याच्या बाबतीत दिसते. हा बोलोन्याचाच कलासमीक्षक, मोरांदीचा जवळचा, वयाने लहान मित्र. त्याने मोरांदीवर मोठा ग्रंथ लिहायला घेतला, मोरांदीनेही संमती दिली. हस्तलिखित वाचलं आणि बिनसलं. आर्कांजेलीने त्याला त्याच्या काळात, इतर चित्रकारांच्या, राजकारणाच्या, वादांच्या मध्ये ठेवून पाहिलं होतं. मोरांदीला स्वतःची जागा तिथे नको होती. त्याने ते पुस्तक मान्य केलं नाही, इतक्या वर्षांची मैत्री तुटली. ग्रंथ १९६४ मध्ये बाहेर आला, मोरांदी गेला त्याच वर्षी. जशा बाटल्या मांडायचा तसंच त्याला आपलं चरित्रही मांडून ठेवायचं होतं, लेबलं झाकून, चमक मारून. माझा राग यावर नाही. आपण सगळे या स्मरणिकेत वेगळं काय करतो आहोत?

आणखी एक गोष्ट चरित्रांत दोन ओळींत आटपतात. आई १९५० मध्ये गेली. अन्ना, दिना आणि मारिया तेरेझा या तिघींनी घर चालवलं. तो आठवडे आठवडे बाटल्यांकडे बघत बसू शकला, कारण त्या घरात जेवण वेळेवर होत होतं आणि त्या खोलीतल्या धुळीला कोणी हात लावत नव्हतं. हे शेवटचं किती अवघड आहे ते घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा. तो गेल्यावर बहिणींनी त्याच्या वस्तू फेकल्या नाहीत. शेवटी राहिलेल्या मारिया तेरेझाने चित्रं शहराला दिली, त्यातून १९९३ मध्ये बोलोन्यात मोरांदी संग्रहालय उभं राहिलं. पुढच्याच वर्षी ती गेली. राहतं घर २००९ पासून लोकांना पाहता येतं. ज्या खेड्यात तो उन्हाळ्यात जायचा त्याचं नाव आता ग्रिझ्झाना मोरांदी आहे.

तो स्वतः १८ जून १९६४ रोजी गेला, त्याच घरात, आजारपणानंतर, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. शेवटच्या वर्षातली चित्रंही बाटल्या आणि डब्यांचीच आहेत, पूर्वीपेक्षा कमी वस्तू, जास्त जवळ जवळ.

आता सरांबद्दलची एक गोष्ट, जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. काही जणांना ती माहीत आहे, कारण ते माझ्यासोबत होते. नववीत असताना इंटरमिजिएटच्या तयारीचे शनिवारी दोन तास असायचे, मध्ये सुटी. सर टेबलावर मांडणी करायचे आणि प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती खडूने रेघ मारायचे, म्हणजे हलली तर परत ठेवता येईल. एका शनिवारी सुटीत आपण ती खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसली आणि किटलीची चोच उलटी करून ठेवली. कारण काहीच नाही. दर वेळी तीच किटली, कंटाळा आला होता.

सर आले, टेबलासमोर उभे राहिले. ओरडले नाहीत. त्यांच्या टेबलापाशी त्यांचा स्वतःचा बोर्ड असायचा, आपल्याबरोबर तेही काढत बसायचे, हे तुम्हाला आठवतं का? मला मधली कित्येक वर्षं आठवत नव्हतं. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, किटली उचलली, ठेवली, दोन पावलं मागे गेले, पुन्हा पुढे येऊन बोटाने जराशी ढकलली. झालं. मी माझ्या अर्ध्या झालेल्या चित्राशी ताडून पाहिलं. चोच, कान, बरणीच्या कडेला लागून असलेली तिची फुगीर बाजू, सगळं जिथल्या तिथे होतं. रेघ नसताना. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, सापडलो नाही.

ते बोर्डावरचं चित्र कसं होतं, ते मी पाहिलं नाही. आपल्यापैकी कोणी पाहिलं असेल तर मला जरूर कळवा. सर जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांची चित्रं कुठे आहेत, आहेत की नाहीत, काही पत्ता लागलेला नाही. कपाटात वस्तू होत्या, कागद एकही नव्हता.

माझ्या टेबलावर मीही पेन्सिलने रेघा मारल्या होत्या. तिसऱ्या शनिवारी कामाच्या मावशींनी टेबल स्वच्छ पुसलं, वस्तू एका बाजूला नीट रांगेत लावल्या आणि किटली घासून लख्ख करून ठेवली. त्यांना काय बोलणार, त्या चांगलंच काम करत होत्या. रविवारी सकाळी मी माझ्या अर्धवट चित्राकडे बघत किटली परत ठेवायला लागले. दुपार झाली. ती त्या जागी काही बसली नाही, कारण माझ्या चित्रात ती नेमकी कुठे होती तेच चित्रावरून कळत नव्हतं.

वस्तू मेळाव्याला येताना घेऊन येते आहे. किटलीचं झाकण सैल आहे, उचलताना सांभाळा. आणि तांब्या ज्याच्याकडे असेल त्याने, आता इतक्या वर्षांनी, आणला तरी कोणी काही म्हणणार नाही.